तीन ठिकाणांहून गेलेला फोटो

या, असे पुढे सरका. शेगडीची ऊब मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही, आणि माझा आवाजही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. चहा घ्या, मोची घ्या. मिठाई माझ्याच दुकानातली आहे, तेव्हा आवडली नाही तरी तोंडावर बोलू नका. आज तुम्हाला एका फोटोची गोष्ट सांगतो. त्या फोटोच्या तीन प्रती तीन ठिकाणी जपून ठेवल्या होत्या, आणि ज्या दिवशी त्याची गरज पडली त्या दिवशी तिन्ही ठिकाणी तो नव्हता. त्या एका दिवसात आम्ही गावातल्या किती भल्या माणसांना चोर ठरवलं, ते ऐका. आमिदा बुद्ध आम्हाला पदरात घेवो.

१

त्सुने-आजी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळात मोची पोचवायला गेलो. डिसेंबर होता. समुद्रावर ढग गडगडत होते आणि पाऊस की बर्फ ते आभाळाचं ठरत नव्हतं. देवळाच्या कचेरीतून आवाज आला म्हणून मी डोकावलो.

"नाही म्हणजे काय?" त्सुने-आजींची मुलगी रित्सुको-सान विचारत होती. छत्रीचं पाणी चटईवर गळत होतं, तिला भान नव्हतं. "तीन ठिकाणी ठेवतो म्हणून तूच सभेत सांगितलं होतंस ना?"

कॉम्प्युटरसमोर शुन्सुके बसला होता. आमच्या देवळाच्या गुरुजींचा पुतण्या, शाळेत गणित शिकवतो. नववर्षाच्या भूकंपात देवळाच्या कोठाराची कौलं घसरली आणि जुने अल्बम भिजून लगदा झाले, तेव्हा त्यानंच वाचले ते सगळे फोटो कॉम्प्युटरवर चढवले आणि पुढची व्यवस्था लावली. एक प्रत कचेरीतल्या कॉम्प्युटरवर. दुसरी कोठारातल्या डिस्कवर, तिची तार कचेरीपर्यंत आणलेली. तिसरी डिस्क टोयामा शहरात, त्याच्या सासूबाईंच्या कपाटात. गाव बुडालं, जळलं तरी फोटो राहावेत म्हणून. व्यवस्था चोख होती, आणि तो ती सगळ्यांना जरा जास्तच वेळा समजावून सांगायचा.

"ताई, खरंच नाहीत," शुन्सुके म्हणाला. "हे बघा या वर्षाचं फोल्डर. ऑगस्टातल्या ओबोनच्या पितृपूजेचे फोटो आहेत, नाचाचे आहेत, कलिंगडाचे आहेत. त्यापुढे काही नाही. नोव्हेंबरच्या उत्सवाचा एकही फोटो नाही. इथं नाही, कोठारात नाही. टोयामाला आत्ताच फोन केला. सासूबाईंनी नातवाकडून डिस्क लावून बघितली, तिथंही नाही."

रित्सुको-सान मटकन खाली बसली.

तिचं दुःख तुम्हाला कळायला हवं. त्सुने-आजींना फोटोचं वावडं होतं. कॅमेरा दिसला की चेहऱ्यावर हात, नाहीतर पाठ. मुलीच्या फोनमध्ये आईचे फोटो होते, पण सगळे अंबाड्याचे. आता मयताजवळ काळ्या रिबिनीची रिकामी चौकट उभी होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जागरण, आणि अंत्यविधीवाल्याला फोटो आज दिवस मावळायच्या आत हवा होता. आजींचा समोरून काढलेला असा एकच फोटो या जगात होता. तो नोव्हेंबरात, आमच्या पंथाच्या संस्थापकांच्या पुण्यतिथीच्या उत्सवात, कीर्तन चालू असताना काढलेला. त्यात आजी तोंडभर हसत होत्या. मी स्वतः कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर तो बघितला होता, पोस्टाच्या तिकिटाएवढा. रित्सुको-सान त्या वेळी मुदपाकखान्यात मुळा वाढत होती. तिनं तो बघितलाच नव्हता.

"कुणीतरी पुसले," ती म्हणाली. "मुद्दाम."

तेव्हा दारातून आवाज आला. "काय पुसलं, कुणी पुसलं? आधी चटई पुसा."

गुरुजींची बायको फुसाए-सान आत आली. लग्नाआधी ती एका मोठ्या स्टेशनवर हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसायची. लोक आपली छत्री हरवल्याचं सांगायला यायचे आणि पहिलं वाक्य चोराबद्दल बोलायचे, असं ती नेहमी सांगते. जिभेला धार, पण मन लोण्याचं.

तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो मला.

"हिराकुरा-सान, त्या दिवशी कॅमेरा कुणाच्या हातात होता?"

नाव घेणं मला जड गेलं. कारण कॅमेरा ज्याच्या हातात होता त्याला त्सुने-आजी काय म्हणाल्या, ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

२

देवळाचा कॅमेरा आमच्याकडे पाळीनं घरोघर फिरतो. त्या उत्सवाला पाळी होती तोकुजी-सानची. नगरपालिकेत हयात घालवून निवृत्त झालेला माणूस. बायको नाही, मूल नाही. बंदराजवळच्या घरात ओसरीवर ते लोणच्यासाठी मुळे सोलत बसले होते.

"कॅमेऱ्याबद्दल आलोय," फुसाए-सान म्हणाली.

"मोडला नाही मी."

"मोडला म्हणतंय कोण?"

"मग बसा." त्यांनी मुळ्याची टोपली सरकवून जागा केली. "मिठाईवाले, तुम्हीही बसा. मयताच्या घरून येताय का? हात धुतलेत ना?"

फुसाए-साननं त्यांना त्या दिवसाची हकीकत विचारली. माणूस कचेरीतला, तो पहिल्यापासून सांगू लागला.

"ओबोनला पाळी मासुदांची, तेव्हापासून कॅमेरा त्यांच्या कपाटात पडून होता. बॅटरी ठार. मी चार्ज केला, तर बुद्धी गेलेल्या म्हाताऱ्यासारखा सगळं विसरलेला. वेळ विचारतोय, तारीख विचारतोय. बसलो चष्मा लावून, एकेक चौकट भरली. जन्मभर दुसरं केलंय काय? उत्सवात फोटो काढले, संध्याकाळी कॅमेरा शुन्सुकेच्या हातात दिला, त्यानं तार लावून फोटो उतरवले आणि कॅमेरा मला परत दिला. संपलं."

"फोटो उतरवल्यावर कॅमेऱ्यातले पुसले जातात का?"

"आपोआप. शुन्सुकेची व्यवस्था आहे."

मला राहवेना. "तोकुजी-सान, त्सुने-आजींनी तुमच्या हातावर पंखा मारून 'पूस तो' म्हटलं होतं. मी मागच्याच रांगेत होतो."

सुरी थांबली.

"म्हणाली होती," ते म्हणाले. "शोवा आठचा जन्म तिचा, तिला कोण घाबरतं!" शोवा आठ म्हणजे नव्वदी ओलांडलेली; वय सांगायचं तर सम्राटांच्या कारकिर्दीनंच सांगायचं, ही त्यांची कचेरीतली खोड अजून गेलेली नाही. "पण मी पुसला नाही. आई-बापांची शपथ."

"मग ती पुढे काय म्हणाली?" फुसाए-साननं विचारलं.

सोललेला मुळाच तोकुजी-सान पुन्हा सोलू लागले. शेवटी मान वर न करता म्हणाले, "पुढचं सांगता येणार नाही. तिला शब्द दिलाय. ती गेली म्हणून शब्द गेला, असं होत नाही."

"तिच्या मुलीसमोर रिकामी चौकट आहे, तोकुजी-सान."

"ठाऊक आहे." त्यांचा आवाज फाटला. "म्हणूनच विचारू नका."

फुसाए-साननं कॅमेरा मागितला. त्यांनी तो पिशवीसकट दिला. तिनं तो तिथंच चालू केला, मागची काच डोळ्यांजवळ नेली, जरा वेळ बघत राहिली आणि बंद करून ओढणीत गुंडाळला. "तासाभरानं देवळात या," असं त्यांना सांगून आम्ही निघालो.

रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, "माणूस लपवतोय."

"लपवतोय," ती म्हणाली. "आणि हिराकुरा-सान, तुम्हीही लपवताय. मघापासून तोंड उघडताय आणि मिटताय. मोची अडकलीय का घशात?"

३

मला सांगावंच लागलं. त्सुने-आजी दवाखान्यात होत्या त्या आठवड्यात मी त्यांच्या मुलाला, सेइजीला, देवळाच्या कचेरीतून बाहेर पडताना बघितलं होतं. टोपी कपाळावर ओढलेली, कुणी बघू नये अशी चाल.

सेइजी म्हणजे रित्सुको-सानचा धाकटा भाऊ. कानाझावाला ट्रक चालवतो. वडील गेले तेव्हा तो अंत्यविधीला आला नाही. का आला नाही हे त्यानं कधी सांगितलं नाही, आणि बहिणीनं कधी विचारलं नाही. तिनं एवढंच जाहीर केलं की हा उंबऱ्याच्या आत आला तर मी बाहेर जाईन. आई मुलीजवळ राहायची. ती बिचारी गप्प बसली. "त्यानंतर मी गावात पाऊल ठेवलेलं नाही," असं सेइजी सगळ्यांना सांगायचा. काल आई गेल्याचं कळवायला बहिणीनं फोन केला, तेव्हाही त्यानं तिला तेच सांगितलं होतं.

तो आम्हाला गल्लीच्या तोंडाशी सापडला. गाडीत बसला होता. समोर आईच्या घराचं दार, दारावर शोकाचा कागद, लोकांची ये-जा. आणि हा काचेआड. आम्ही मागच्या सीटवर शिरलो.

"तिनं पाठवलंय का, निघून जा म्हणून सांगायला?" त्यानं विचारलं.

"तिला तू दिसलेला नाहीस. आम्हाला दिसलास," फुसाए-सान म्हणाली. "सेइजी-सान, मागच्या आठवड्यात देवळाच्या कॉम्प्युटरवर काय करत होतास?"

त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं. असं बघितलं की मिठाईच्या दुकानाचं शटर आतून ओढून घ्यावं.

"तो सगळ्यांसाठीच उघडा असतो ना?" तो म्हणाला. "लोक येऊन आपापले फोटो बघतात. मीही बघितले."

"बघितले की पुसले?"

"पुसायला काही होतंच कुठं? उत्सवाचे फोटो नव्हतेच. वर्षाचं फोल्डर दोनदा खालपर्यंत बघितलं. आई दवाखान्यात आहे, एक फोटो जवळ असावा, एवढंच वाटलं. तो हसरा फोटो मिळाला असता तर छापून घेतला असता. नव्हता. गेलो."

बाहेर ढग गडगडला. मग फुसाए-साननं अगदी मऊ आवाजात विचारलं,

"तू तर म्हणतोस, गावात पाऊल ठेवत नाही. बहीण कालपर्यंत तुझ्याशी बोलत नव्हती. आई फोनवर बोलायला लाजायची. मग आईचा हसरा फोटो आहे, हे तुला कुणी सांगितलं?"

स्टिअरिंगवरचे त्याचे हात पांढरे पडले. मग त्यानं टोपी कपाळावर आणखी ओढली.

४

आम्ही देवळात परतलो तेव्हा ही बातमी आमच्या आधी पोचली होती. आमच्या गावात बातमीला वाहन लागत नाही.

"त्यानंच पुसले!" रित्सुको-सान दारातच म्हणाली. "बाबांच्या वेळी आला नाही, आता आईचा चेहराही ठेवला नाही. एकटा बसला होता इथं, कॉम्प्युटरसमोर!"

मला तिचं पटलं. गावात पाऊल ठेवलं नाही असं खोटं सांगणारा माणूस पुसल्याचं खरं कशाला सांगेल?

फुसाए-साननं ओढणी सोडून कॅमेरा टेबलावर ठेवला. "शुन्सुके, टोयामाची डिस्क तू कधी नेलीस?"

"उत्सवाच्या दुसऱ्याच दिवशी, काकू. सगळं भरून झाल्यावर. तेव्हापासून ती कपाटातून निघाली नव्हती, आज सकाळीच काढली."

"आणि सेइजी आला कितीतरी दिवसांनी. त्यानं इथले पुसले असते, तर कोठारातलेही कदाचित गेले असते. पण टोयामाचे कसे गेले? त्या डिस्कमध्ये उत्सवाच्या दुसऱ्या दिवशीच फोटो नव्हते. म्हणजे ते सेइजी यायच्या आधीच नाहीसे झाले होते."

रित्सुको-सानची नजर हळूच शुन्सुकेकडे वळली. माझीही वळली, खोटं कशाला बोलू? त्या संध्याकाळी फोटो उतरवताना कचेरीत एकटा शुन्सुके होता. तिन्ही डिस्क त्याच्या हातातल्या. आणि तो फुसाए-सानच्याच घरातला.

"ताई, माझ्याकडे काय बघताय?" शुन्सुके उठून उभा राहिला. "मला त्यांचे फोटो पुसून काय मिळणार?"

"चूक लपवायची असेल," रित्सुको-सान म्हणाली. "तीन तीन ठिकाणी ठेवतो म्हणून मिरवलास. एखादं बटण चुकून दाबलं गेलं आणि सांगायची लाज वाटली. सांगून टाक. मी रागावणार नाही. पण आईला बिनचेहऱ्याची पाठवायला लावू नकोस."

"मी बटण दाबतच नाही!" तो जवळजवळ रडकुंडीला आला. "माणसाचा हात लागला की चूक होते, म्हणून मी हात ठेवलाच नाही. कॅमेरा जोडायचा, बस्स. यंत्र फोटो वाचतं, ज्या वर्षाचा त्या वर्षाच्या फोल्डरमध्ये टाकतं, कोठारात प्रत करतं, दोन्हीकडे पोचल्याची खात्री करतं, मगच कॅमेरा रिकामा करतं. त्या दिवशी तसंच झालं. 'पूर्ण झाले' अशी पाटी आली, मी जेवायला गेलो."

"मग फोटो बघितलेस कधी?" फुसाए-साननं विचारलं.

तो पुन्हा खाली बसला.

"बघितलेच नाहीस."

"पाटी आली होती ना, काकू."

तेवढ्यात तोकुजी-सान आले आणि चपला काढून दाराशी अंग चोरून बसले. फुसाए-साननं कॅमेरा उचलला. "करून दाखव. माझ्यासमोर. हिराकुरा-सान, जरा हसा."

मी हसायचं की नाही ते ठरवतोय तोवर लख्ख उजेड पडला. तिनं फोटो सगळ्यांना काचेवर दाखवला. मी होतो, तोंड अर्धं उघडं. शुन्सुकेनं कॅमेरा तारेला जोडला आणि दोन्ही हात वर करून मागे सरकला. यंत्रानं गुणगुण केली. पाटी आली, 'पूर्ण झाले'. कॅमेरा बघितला, रिकामा.

"आता या वर्षाचं फोल्डर उघड."

उघडलं. नाच, कंदील, कलिंगड. शेवटचा फोटो कलिंगडाचा.

मी नव्हतो.

चार माणसांच्या डोळ्यांदेखत, कुणाचं बोटही न लागता, मी नाहीसा झालो होतो. माझ्या तोंडून आपोआप 'नामु आमिदा बुत्सु' निघालं. शुन्सुके तर भिंतीला टेकला. आणि फुसाए-सान? ती हसत होती.

५

"हसायचं काय त्यात?" रित्सुको-सान संतापली.

"माफ कर. खिडकीवर बसायचे तेव्हाची सवय. हरवलेली वस्तू कुठं असणार ते कळलं की मला हसू येतं." ती खाली बसली. "असं बघा. एक वस्तू तीन कुलपांआडून एकाच वेळी गेली, तर चोराला तीन घरं फिरावी लागतील. तो कुणी फिरला नाही. मग मी म्हटलं, ती गेलीच नसेल. ती तिन्ही घरांत असेल, एकाच चुकीच्या जागी. शुन्सुके, तुझं यंत्र फोटोचं वर्ष कसं ओळखतं?"

"फोटोवर कॅमेरा तारीख लावतो, त्यावरून."

"आणि कॅमेऱ्याला तारीख कोण सांगतं?"

"कॅमेऱ्याला ठाऊकच अस..." शुन्सुके थांबला.

"बॅटरी मेली होती. सगळं विसरला होता. तोकुजी-साननं पुन्हा भरलं." तिनं वळून विचारलं, "तोकुजी-सान, काचेवरची तारीख मी तुमच्या ओसरीवरच बघितली. वर्षाच्या चौकटीत काय लिहिलंत?"

"त्यात दोनच आकड्यांची जागा होती," तोकुजी-सान म्हणाले. "पुढचं वीस आधीच छापलेलं. मी म्हटलं, असेल काहीतरी. वर्ष विचारलं, वर्ष लिहिलं. शून्य, सहा."

"का?"

"का म्हणजे? रेइवा सहावं वर्ष आहे ना हे! नव्या सम्राटांचं सहावं. नगरपालिकेच्या कुठल्याही अर्जावर..." आणि त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

कॅमेऱ्याला सम्राट ठाऊक नसतात. दोन हजार चोवीस सालचा उत्सव त्यानं दोन हजार सहा साली झाला असं मानलं होतं. आमच्यापैकी कुणाही म्हाताऱ्याच्या हातून हेच झालं असतं. माझ्याही. दुकानातल्या चेरीच्या पानांच्या लोणच्याच्या बरण्यांवर मी आजवर तसंच वर्ष लिहीत आलोय.

शुन्सुकेनं दोन हजार सहाचं फोल्डर उघडलं. भूकंपानंतर अल्बममधून चढवलेले जुने फोटो होते त्यात. ते कुणी पुन्हा उघडून बघितलेच नव्हते. देवळाच्या छताचं काम, मासुदांच्या मुलाचं बारसं. आणि त्यांच्यात मी! तोंड अर्धं उघडं, आजच्या टकलासकट. आणि माझ्यावर, ओळीनं, नोव्हेंबरचा उत्सव.

"कोठारात बघ," फुसाए-सान म्हणाली.

कोठारात होता. टोयामाला फोन लावला, तिथंही होता.

शुन्सुकेनं तिथंच चटईवर डोकं टेकलं. "बघायला हवं होतं. पाटीवर विसंबलो."

"ऊठ," ती म्हणाली. "तुझ्या यंत्रानं एकही फोटो हरवला नाही. चुकीच्या जागी का होईना, तिन्हीकडे पोचवले. नुसतं कॅमेऱ्यावर सोडलं असतं तर आज काय दाखवलं असतं?"

तोकुजी-सान मात्र हसले नाहीत. फोटो सापडला हे ऐकून त्यांचा चेहरा उलट उतरला होता. शुन्सुके त्सुने-आजींचा फोटो मोठा करायला निघाला, तसे ते पुढे सरसावले आणि पडद्यासमोर हात धरला.

"रित्सुको-सानला बाहेर पाठवा," ते म्हणाले. "मग उघडा."

६

"का?" रित्सुको-सानचा आवाज बर्फासारखा. "मी मुलगी आहे तिची."

"तिनं तेच सांगितलं होतं. 'पूस' म्हणाली, मग कॅमेरा माझ्या हातून घेऊन डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, 'राहू दे. पण माझ्या पोरीला इतक्यात दाखवू नकोस.' का ते मला ठाऊक नाही. मी शब्द दिला. आज सकाळपासून मला वाटत होतं, फोटो गेला ते बरंच झालं. आणि असं वाटतं म्हणून माझीच मला घाण वाटत होती."

रित्सुको-साननं त्यांचा हात अलगद खाली केला. "इतक्यात नको म्हणाली ना? आता आणखी थांबले तर कधी बघू, काका?"

शुन्सुकेनं फोटो मोठा केला.

त्सुने-आजी. समोरून. डोळ्यांच्या बारीक रेघा झालेल्या, सगळे दात दिसतायत, नाहीत तेही दिसतायत. रित्सुको-साननं दोन्ही हात तोंडावर घेतले. "आई," एवढंच म्हणाली.

मी फोटोकडे बघत होतो, आणि मला काहीतरी खटकलं. कीर्तनाचं मला वेड आहे. आमचे कीर्तनकार उंच आसनावर बसतात, गप्पा मारल्यासारखं बोलतात, मग बोलता बोलता शब्दांना चाल लागते आणि सगळा मंडप भिजतो. त्या दिवशी त्यांनी कंजूष सासऱ्याची नक्कल केली होती, त्यावरच आजी हसल्या असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण नक्कल करताना त्यांच्या हातात पंखा उघडा असतो. या फोटोत पंखा मिटून मांडीवर ठेवलेला होता. ही करुण चाल. लेकरू आईच्या शोधात निघालं आहे, तो भाग. आजीच्या डाव्या-उजव्या बाजूच्या बाया रुमालानं डोळे पुसतायत. सगळा मंडप रडतोय, आणि एकट्या त्सुने-आजी हसतायत.

"त्या आसनाकडे बघतच नाहीयेत," मी म्हटलं. "बाजूला बघतायत."

शुन्सुकेनं फोटो सरकवला. आजींच्या नजरेच्या टोकाला मंडपाचा मागचा खांब होता. खांबाआडून अर्धा खांदा दिसत होता, आणि छातीशी घट्ट धरलेली एक टोपी.

दाराशी पाणी ठिबकल्याचा आवाज आला म्हणून आम्ही वळलो. सेइजी उभा होता, ओला, तीच टोपी हातात. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"दरवर्षी यायचो," तो म्हणाला. बहिणीकडे नाही, फोटोकडे बघून. "उत्सवाला. मागे उभा राहायचो, चाल संपायच्या आत निघायचो. ती समोर बघत असायची. त्या दिवशी निघायला उशीर झाला, बाहेर चपला घालताना बाया म्हणत होत्या, त्सुने-आजीचा हसरा फोटो निघाला. मला वाटलं, कीर्तनावर हसली असेल." तो पुढे आला. पडद्याच्या इतका जवळ गेला की त्याच्या श्वासानं काच धूसर झाली. "हिनं मला बघितलं होतं?"

"बघितलं होतं," फुसाए-सान म्हणाली.

एवढा ट्रक चालवणारा माणूस, पण चटईवर बसून असा रडला की आमचे कीर्तनकार असते तर तेही थांबले असते.

रित्सुको-सान उठली. मला वाटलं, आता ती बाहेर जाणार; तिनं तसं जाहीरच केलेलं होतं. ती दारापर्यंत गेली, छत्री घेतली, परत आली आणि भावाच्या शेजारी ठेवली. "भिजलायस," म्हणाली. "घरी चल. गाडीत बसून जागरण करतात का कुणी?"

अंत्यविधीवाल्यानं संध्याकाळी चेहरा मध्यावर आणून, नजर सरळ करून देतो म्हणून सांगितलं. हल्ली यंत्रात तेही होतं म्हणे. रित्सुको-साननं त्याला काही बदलू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी जागरणाला लोक जमले. चौकटीत आजी हसत होत्या, जराशा डावीकडे बघत. सेइजी सवयीनं मागच्या भिंतीशी जाऊन बसला. रित्सुको-सान सगळ्यांसमोर उठली आणि त्याचा हात धरून त्याला पुढे, डाव्या बाजूला घेऊन आली.

"इथं बस," ती म्हणाली. "आई इकडे बघतेय."

गुरुजींनी सूत्र सुरू केलं. मी आजवर पुष्कळ कीर्तनं ऐकली. पण त्या संध्याकाळी चाल नव्हती, पंखा नव्हता, आणि मंडप भिजला होता.

गोष्ट इथं थांबते. आता एक मागणं. त्या उत्सवाच्या फोटोंत सगळं गाव आहे, कीर्तनकार आहेत, मुळा वाढणाऱ्या बायाही आहेत. तोकुजी-सान नाहीत, कॅमेरा त्यांच्या हातात होता. यंदाच्या वसंतात तेही गेले. मागे रडायला घरचं माणूस नाही. आज झोपण्यापूर्वी हात जोडाल तेव्हा एकदा त्यांची आठवण काढा. मुळे सोलणारा, दिलेला शब्द पाळणारा आमचा तोकुजी.